‘मळ’ म्हणून हिणवलेलं संप्रेरक

मधुमेह म्हटलं की एकच नाव तोंडावर येतं, इन्शुलिन. १९२१ सालचं टोरांटो, बँटिंग आणि बेस्ट, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही.

त्या काळात स्वादुपिंडाचा अर्क टोचला की रक्तातली साखर उतरायला हवी, पण कधी कधी ती आधी वर चढायची! १९२३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला किंबॉल आणि मर्लिन यांनी या साखर चढवणाऱ्या घटकाला नाव दिलं, ग्लुकागॉन. नाव मिळालं, मान नाही मिळाला. इन्शुलिनमध्ये राहिलेला मळ, असंच त्याच्याकडे पुढं पंचवीसेक वर्षं पाहिलं गेलं.

१९४८ मध्ये सदरलंड आणि द दूव यांनी दाखवलं की हा मळ नाही, स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी तो मुद्दाम तयार करतात. १९५३ मध्ये तो शुद्ध स्वरूपात हाती आला. हे काम यकृतापर्यंत कसं पोचतं, याचा माग काढता काढता सदरलंडना पेशीच्या आतला निरोप्या, सायक्लिक एएमपी, सापडला. १९७१ चं नोबेल त्यासाठीच.

काम काय याचं? इन्शुलिन जेवणानंतरची साखर कोठारात भरतं, ग्लुकागॉन गरजेला कोठार उघडतं. कोठार म्हणजे यकृत. खरा निर्जळी उपवास करणारा माणूस (‘एकादशी दुप्पट खाशी’वाले सोडून!) चक्कर येऊन पडत नाही, त्यात ग्लुकागॉनचा मोठा वाटा. साठा संपत आला की यकृताला नवी साखर बनवायलाही तेच लावतं.

१९५९ मध्ये डॅलसच्या रॉजर अंगर यांनी ते रक्तात मोजायची पद्धत काढली. पुढं लक्षात आलं की मधुमेहात जेवणानंतरही ते हवं तितकं खाली येत नाही. कोठार भरलेलं, तरी दार उघडंच! रात्री काही न खाता सकाळी साखर जास्त का, याचं एक उत्तर इथं आहे.

आता आपल्या कामाचं. आपण विचारतो, “शुगर वाढली का?” “उतरली का?” हे क्वचितच. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली तर जिवावर बेततं. माणूस शुद्धीत असेल तर साखरपाणी लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. थेट दवाखाना गाठा. अशा वेळी ग्लुकागॉनचं इंजेक्शन उपयोगी पडतं. पण उपाशीपोटी किंवा दारू प्यायलेल्या माणसाचं कोठारच रिकामं असेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

घरात कुणी इन्शुलिनवर असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: शुगर उतरली तर आम्ही काय करायचं? आणि उत्तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.