सुरस, चमत्कारिक आणि जराशा कमी अरबी

इथे अबू धाबीत एखाद्या इजिप्शियन किंवा सीरियन सहकाऱ्यापुढे ‘अल्फ लैला’ म्हणा, त्याला आधी उम्म कुल्थुमचं १९६९ सालचं गाणं आठवतं. गोष्टी नंतर, आणि त्याही ‘लहानपणी ऐकल्या होत्या’ इतपतच. आपल्याकडे मात्र कितीतरी घरांत आजोबांच्या कपाटात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ असायचं. पुठ्ठा निखळलेलं, पण असायचं.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी (१८२४-१८७८) हे भाषांतर १८६०च्या दशकात हाती घेतलं. पुढे त्याला मुलगा विष्णुशास्त्री (हो, तेच निबंधमालावाले) आणि हरि कृष्ण दामले यांचाही हातभार लागला. सॉक्रेटिसाचं चरित्र लिहिणारा, मेघदूत मराठीत आणणारा पंडित जिन आणि हबशांच्या गोष्टींत रमला, हे मला फार आवडतं. नावात ‘अरबी भाषेतील’ असलं तरी भाषांतर मात्र इंग्रजीवरून होतं.

वाचकांनी ते डोक्यावर घेतलं. लेखकांनीही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. अद्भुताची सगळी हौस या कादंबऱ्यांत दिसते. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत कारणही सांगून टाकलं: आपल्या लोकांचं आयुष्य, लग्नाच्या चालीरीती अशा, की त्यात मनोरंजक काही घडतच नाही, मग चमत्कार आणावे लागतात! पुढच्या टीकाकारांनी या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची भरपूर टर उडवली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’नंतर (१८८५) हे सगळं बालिश ठरलं. मला हा निकाल थोडा घाईचा वाटतो. रिसबुडांचं वाक्य प्रामाणिक होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न लावणाऱ्या समाजात प्रेमकथा लिहायची तर परी आणि राजपुत्रच हवेत. आपट्यांनी त्याच लग्नाच्या चालीतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ काढली, हे त्यांचं मोठेपण. पण अडचण रिसबुडांनी आधी ओळखली होती.

गंमत म्हणजे खुद्द अरबांनीही या ग्रंथाला कधी फारसा मान दिला नाही. बगदादचा ग्रंथविक्रेता इब्न अल-नदीम याने ९८७ साली आपल्या ‘फिहरिस्त’ या सूचीत या गोष्टींच्या मूळ फारसी ग्रंथाबद्दल लिहिलं, की पुस्तक सुमार आहे, सांगणं नीरस आहे. हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक-परीक्षण, आणि तेही वाईट! १९८५ साली कैरोच्या न्यायालयाने एक आवृत्ती अश्लील म्हणून जप्त करायचा आदेश दिला. तो पुढच्या वर्षी फिरवला गेला. छापील अरबी आवृत्तीचा पहिला प्रयत्न तर कलकत्त्यात झाला, १८१४ ते १८१८ या काळात, फोर्ट विल्यम कॉलेजात अरबी शिकणाऱ्या कंपनीच्या साहेबांसाठी. म्हणजे क्रमिक पुस्तक. कैरोजवळच्या बुलाकची आवृत्ती १८३५ची, त्यानंतरची.

अल्लाउद्दीन आणि अलीबाबा तर जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच. आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाचं भाषांतर १७०४ पासून छापलं जात होतं. त्याच्या गोष्टी संपत आल्या, तेव्हा १७०९ साली त्याला पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाचा अलेप्पोचा विशीतला ख्रिस्ती तरुण भेटला. त्याने या गोष्टी तोंडी सांगितल्या. गालाँने रोजनिशीत त्याचं नाव लिहिलं, छापील पुस्तकात मात्र नाही. (संशोधनाच्या धंद्यात असल्याने ही तऱ्हा ओळखीची वाटते.)

दियाबने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या. त्याचं हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होतं. २०२१ साली त्याची मूळ अरबी संहिता इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध झाली, ज्या ग्रंथमालेत ती आली तिला इथल्याच न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अबू धाबीचं पाठबळ आहे. मी मोठ्या उत्सुकतेने उघडली. पॅरिसची कडाक्याची थंडी आहे, व्हर्सायचा दरबार आहे, राजाला दाखवायला नेलेले पिंजऱ्यातले वाळवंटी उंदीर आहेत. आणि गोष्टी? एक म्हातारा भेटला, त्याच्या पुस्तकाला काही रात्री कमी पडत होत्या, मी त्याला माहीत असलेल्या गोष्टी सांगितल्या, तो खूष झाला. एवढंच. पुढे गडी लगेच दुसऱ्या विषयाकडे वळतो.