होकार कोणाचा?
विवाहसंमतीच्या इतिहासातील काही पाने

चोवीस जानेवारी हा सेल्सचे संत फ्रान्सिस यांचा सण. आपल्या नागपूरच्या कॅथीड्रलचे ते आश्रयदाते संत. या प्रदेशात ज्या मिशनरी धर्मगुरूंनी घाम गाळून ख्रिस्तसभा उभी केली, त्यांचा संघही याच संताचे नाव धारण करतो. आज फ्रान्समध्ये असलेल्या अ‍ॅनसी या गावी १८३८ साली तो स्थापन झाला आणि १८४५ साली भारतात आला. संत फ्रान्सिस म्हटले की सौम्य स्वभावाचा बिशप, लेखकांचा व पत्रकारांचा आश्रयदाता एवढे आपल्याला आठवते. परंतु घरच्यांनी लग्नासाठी घातलेली गळ त्यांनाही चुकली नव्हती, ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून क्वचितच सांगितली जाते.

फ्रान्सिस यांचा जन्म १५६७ साली सॅव्हॉय प्रांतातील एका उमराव घराण्यात झाला. थोरला मुलगा म्हणून पित्याच्या साऱ्या आशा त्यांच्यावर खिळल्या होत्या. पित्याने त्यांना पॅरिसला शिकविले, पुढे पादुआच्या विद्यापीठात धाडले. १५९१ साली कायद्याची सर्वोच्च पदवी घेऊन मुलगा परतला, तेव्हा पित्याने त्याच्यासाठी दोन गोष्टी योजून ठेवल्या होत्या : राज्याच्या वरिष्ठ न्यायसभेतील मानाचे आसन आणि एका तालेवार घराण्यातील मुलीचे स्थळ. आपल्याकडील कोणताही बाप याहून वेगळे काय करतो? मुलाचे शिक्षण झाले, नोकरीची सोय लागली, आता दोनाचे चार हात झाले की आपण मोकळे, हीच त्या पित्याचीही भावना होती.

मुलाच्या मनात मात्र याजकपदाची ओढ होती. फ्रान्सिस यांनी त्या कन्येशी सौजन्याने वर्तन केले, पण आपल्या मनात नसलेला होकार दिला नाही. घरात थयथयाट केला नाही की रातोरात पळही काढला नाही. त्यांचे चुलतबंधू लुई हे धर्मगुरू होते. त्यांनी मध्यस्थी केली. शेवटी १५९३ च्या मे महिन्यात पित्याने जड अंतःकरणाने आशीर्वाद दिला आणि त्याच वर्षीच्या १८ डिसेंबरला फ्रान्सिस यांना याजकदीक्षा मिळाली.

ही कथा संन्यस्त जीवनाची आहे, प्रापंचिकांशी तिचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. जीवनाची दिशा ठरविणारा शब्द ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो, मग तो वेदीपुढे याजक म्हणून दिलेला असो वा वर-वधू म्हणून. ख्रिस्तसभेने हे तत्त्व शतकानुशतके जपले आहे. ते जपताना तिला कधी राजांशी, कधी उमरावांशी आणि पुष्कळदा आईबापांशीही वाद घालावा लागला.

रिबेकाला विचारलेला प्रश्न

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात इसहाकाच्या सोयरिकीची हकीगत आहे. अब्राहामाचा सेवक दूरदेशी जातो, विहिरीवर रिबेका भेटते, तिच्या घरी बोलणी होतात, भाऊ व वडील होकार देतात, दागिने व वस्त्रे दिली जातात. सारे काही आपल्याकडील पद्धतीप्रमाणे. परंतु निघण्याची घटका येते तेव्हा घरचे लोक एक वेगळी गोष्ट करतात. ते मुलीलाच बोलावतात आणि या माणसाबरोबर जाण्यास ती तयार आहे का, असे तिला विचारतात. ती स्वतःच्या मुखाने होय म्हणते, मगच उंट हलतात. त्या पुरातन, पितृप्रधान समाजातही हा प्रश्न विचारला गेला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

रोमन कायद्यानेही संमती हाच विवाहाचा गाभा मानला होता. मात्र कुटुंबप्रमुखाच्या सत्तेखालील मुलामुलींना त्याचीही संमती लागत असे. ख्रिस्तसभेने यातील पहिला भाग उचलून धरला. बल्गेरियातील नवख्रिस्ती लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना ८६६ साली उत्तर देताना पोप पहिले निकोलस यांनी स्पष्ट केले, की विवाहाला त्या दोघांची संमती पुरेशी आहे. ती नसेल तर बाकीचे सारे सोहळे व्यर्थ होत. बाराव्या शतकात पॅरिसचे धर्मपंडित पीटर लोम्बार्ड यांनी याच विचाराची मांडणी केली, आणि पोप तिसरे अलेक्झांडर यांनी आपल्या निवाड्यांतून तो रूढ केला. जेथे भय व सक्ती आहे तेथे संमती असूच शकत नाही, हा त्यांचा निर्णय पुढे १२३४ साली पोप नववे ग्रेगरी यांच्या धर्मनियमांच्या संग्रहात समाविष्ट झाला.

ट्रेंटची धर्मपरिषद

या स्वातंत्र्याला एक दुसरी बाजूही होती. केवळ दोघांच्या शब्दाने विवाह होत असेल, तर तो शब्द कोठेही, कसाही दिला जाऊ शकत होता. कुणी बागेत वचन देई, कुणी बंद दाराआड. पुढे एकाने कानांवर हात ठेवले की दुसऱ्याच्या हाती काहीच उरत नसे, आणि बहुधा फसवणूक स्त्रीचीच होई. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेने नियोजित विवाहाची मंदिरात आधी जाहीर सूचना द्यावी असा नियम केला. आज आपल्या धर्मग्रामात रविवारी नावे पुकारली जातात त्याचे मूळ या नियमात आहे. तरीही गुप्त विवाह थांबले नाहीत.

हा प्रश्न १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेपुढे आला. फ्रान्सच्या राजाकडून मोठा आग्रह होता, की आईबापांच्या संमतीवाचून मुलांनी केलेला विवाह रद्दबातल ठरवावा. फ्रान्समध्ये १५५६ च्या राजाज्ञेने अशा मुलांना वारसाहक्कातून वगळण्याची मुभा पालकांना दिलीच होती. त्या काळी उमरावांचे विवाह म्हणजे जमीन, किल्ले आणि वारसा यांचे करार. मुलाने मन मानेल तेथे शब्द दिला तर घराण्याचे गणित कोसळे.

परिषदेने पुष्कळ काथ्याकूट केला आणि त्या वर्षीच्या ११ नोव्हेंबरला आपला निर्णय दिला. पालकांच्या संमतीवाचून विवाह होतच नाही, असे म्हणणाऱ्यांचा तिने निषेध केला. त्याच वेळी असे विवाह ख्रिस्तसभेला पसंत नाहीत, हेही सांगितले. मग विवाह वैध ठरण्यासाठी धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि दोन वा तीन साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक केली, आणि विवाहाची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. सरंजामदारांनी आपल्या सत्तेतील लोकांना विशिष्ट व्यक्तीशी विवाह करण्यास भाग पाडू नये, अशीही आज्ञा त्याच अधिवेशनात निघाली.

या निर्णयाचा तोल पाहण्यासारखा आहे. परिषदेने बापाच्या हाती नकाराधिकार दिला नाही, पण दोघांचा शब्द अंधारातही ठेवला नाही. होकार त्या दोघांचाच, परंतु तो समुदायाच्या साक्षीने, उजेडात दिलेला असावा. आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटातील विवाहाची जाड नोंदवही या निर्णयाची साक्ष देत उभी आहे.

मुंबईचा खटला

नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली. त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयात एक निकाल लागला आणि साऱ्या हिंदुस्थानात खळबळ उडाली. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहून त्यांनी विद्या मिळविली. वय वाढले तशी ज्या माणसाला आपण कधी होकार दिलाच नाही त्याच्या घरी जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक सहवासाच्या हक्कासाठी दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीला बळजबरीने नवऱ्याकडे धाडणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : नवऱ्याकडे जा, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा. रखमाबाईंनी आपण तुरुंग पत्करू असे उत्तर दिले. १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटविण्यात आले. पुढे रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली आणि १९५५ साली त्या निवर्तल्या.

रखमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण हा खटला आपण ख्रिस्ती लोकांनी अंतर्मुख होऊन वाचावा असा आहे. ज्या दाव्याच्या आधारे त्यांना तुरुंगाची भीती घातली गेली तो हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो इंग्लंडमधील धर्मन्यायालयांतून आला होता. पती-पत्नींनी दिलेला शब्द पाळावा, म्हणून ख्रिस्ती जगात निर्माण झालेले हे साधन. पण जिने शब्दच दिला नव्हता तिच्यावर ते उगारले गेले तेव्हा त्याचे शस्त्र झाले. खुद्द इंग्लंडात असा हुकूम मोडल्याबद्दलचा तुरुंगवास १८८४ सालीच रद्द झाला होता. संमतीशिवाय बंधन म्हणजे केवळ बेडी, हे त्या बावीस वर्षांच्या तरुणीने न्यायालयाला दाखवून दिले.

आदरापोटी वाटणारे भय

आज आपल्या घरांतून अकराव्या वर्षी कोणी लग्न लावीत नाही. कायद्याने मुलीला अठरा व मुलाला एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. सज्ञान व्यक्तीने आपला जोडीदार निवडणे हा तिच्या जीवितस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निःसंदिग्धपणे सांगितले. मग आता दडपण उरले आहे कोठे?

ते उरले आहे स्वयंपाकघरात, जेवणाच्या पंगतीत, फोनवरच्या दीर्घ उसाशात. मुलगा पुण्याला नोकरीस असतो, मुलगी बंगळूरला. तेथे कुणाशी ओळख होते, ओळखीचे स्नेहात रूपांतर होते. दोघे एकमेकांना पारखीत असतात, पुढचे बोलत असतात. घरी ही कुणकुण लागली की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. पसंत नसेल तर घाईने दुसरी स्थळे दाखविली जातात. पसंत असेल तर ‘एवढे फिरता आहात, मग उरकून का टाकीत नाही? चार लोक काय म्हणतील?’ असा तगादा लागतो. आईचा रक्तदाब, वडिलांची निवृत्ती, आजीची शेवटची इच्छा, धाकट्या बहिणीचे अडलेले लग्न ही सारी कारणे एकेक करून पुढे केली जातात. कोणी हात उगारीत नाही, दार बंद करीत नाही. पण मुलाच्या तोंडून निघालेला होकार त्याचा उरत नाही.

धर्मनियमांच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. आदरापोटी वाटणारे भय असे त्याला स्वतंत्र नाव आहे. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे, ज्यांचे आपण देणे लागतो, ते दुखावतील या धास्तीने मन मोडून दिलेला शब्द, असा त्याचा अर्थ. हे भय पुरेसे गंभीर असेल तर तो विवाह मुळातच अवैध ठरतो. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ११०३ वा नियम तर असे सांगतो, की हे भय कुणी हेतुपुरस्सर घातलेले नसले तरीही संमती दूषित होते. म्हणजे आईबापांचा हेतू शुद्ध होता, एवढ्याने भागत नाही. १०५७ व्या नियमानुसार त्या दोघांची संमती जगातील दुसरी कोणतीही सत्ता पुरवू शकत नाही. साखरपुडा झाला तरी १०६२ व्या नियमाप्रमाणे त्याच्या आधारे विवाहाची सक्ती करता येत नाही. हॉल ठरला, पत्रिका वाटल्या, म्हणून आता माघार नाही, असे आपण म्हणतो, ख्रिस्तसभा म्हणत नाही. विवाहापूर्वीच्या चौकशीत धर्मगुरू वराला व वधूला वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात, आणि विवाहविधीत पहिलाच प्रश्न स्वेच्छेचा असतो. ते केवळ उपचार नव्हेत. घरात ज्याला ‘नाही’ म्हणता आले नाही त्याच्यासाठी उघडे ठेवलेले ते शेवटचे दार आहे.

दोन्ही बाजूंचे देणे

पण ट्रेंटच्या परिषदेचा तोल येथेही विसरता कामा नये. वचन अंधारात ठेवण्याचा अधिकार तरुणांनाही नाही. वर्षानुवर्षे एकमेकांचा वेळ घ्यावयाचा, पण पुढचे विचारले की विषय बदलावयाचा, ही स्वातंत्र्याची खूण नव्हे. ज्याच्याशी स्नेह आहे त्याला आपले मन स्पष्ट सांगावे. तयारी नसेल तर तसे सांगावे आणि ती कशासाठी नाही हेही सांगावे. घरी लपवाछपवी करू नये. आईबापांशी थेट बोलणे जमत नसेल तर संत फ्रान्सिस यांना जसे लुई लाभले, तसे एखादे काका, मावशी, धर्ममातापिता वा धर्मगुरू मध्यस्थ म्हणून गाठावेत. आदराने दिलेला नकार हा अवमान होत नाही.

आणि पालकांनी? त्यांनी गप्प बसावे असे मुळीच नाही. मुलांना दिसत नाही ते त्यांना दिसते. शंका असेल तर ती बोलून दाखवावी, त्या मुलाला वा मुलीला घरी बोलवावे, तिच्या माणसांना भेटावे. सल्ला द्यावा, प्रार्थना करावी, आणि मग थांबावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात विवाहाच्या तयारीचा विस्ताराने विचार केला आहे. या तयारीच्या काळात दोघांना आपले पटणार नाही असे उमगले, तर वेळीच थांबण्याचे धैर्य त्यांना मिळावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा गावात महिनाभर चालते. मोडलेल्या मनाने केलेल्या संसाराची किंमत मात्र मुलाबाळांनाही मोजावी लागते.

सेल्स घराण्यातील त्या पित्याने अखेर आशीर्वाद दिला तेव्हा आपण काहीतरी गमावले असेच त्याला वाटले असेल. वारस गेला, मानाचे पद गेले, सून आली नाही. परंतु मुलाचा शब्द त्याने मुलाकडेच राहू दिला, आणि त्या शब्दाचे फळ अ‍ॅनसीपासून नागपूरपर्यंत पोहोचले. रिबेकाच्या घरच्यांनी तिला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली. आपल्याही घरातून हा प्रश्न विचारला जावा, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहण्याचे बळ प्रभूने आपणा सर्वांस द्यावे.