कानशीचे ऋण

आपल्या लोहार ज्ञातीत ऐरणीची पूजा होते, भात्याला हळदकुंकू लागते, घणाचा आवाज तर गावाच्या वेशीपर्यंत पोचतो. कानस मात्र खोक्याच्या तळाशी पडून असते. तिच्या कामाचा गाजावाजा होत नाही आणि इतिहासातही तिची नोंद सहसा कोणी घेत नाही. तिची खरी योग्यता आम्हास कळली ती अमेरिकेतील ठासणीच्या रायफलीचा इतिहास वाचताना. तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न.

अठराव्या शतकात जर्मनभाषी मुलखातून पेनसिल्व्हेनियात जाऊन वसलेल्या कारागिरांनी लँकेस्टर व त्याच्या आसपास लांब नळीची रायफल नावारूपास आणली. नळीच्या आत पीळदार खाचा असत. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई व नेम दूरवर साधे. नळीत दारू घालावयाची आणि चिंधीत गुंडाळलेली गोळी तोंडाकडून गजाने ठासावयाची, ही तिची रीत. दस्ता बहुधा मेपलच्या लाकडाचा असे. घोड्याची कळ मात्र पुष्कळदा इंग्लंडातून किंवा जर्मन मुलखातून तयार येई आणि पितळी भाग वाळूच्या साच्यात ओतले जात. तयार भाग आणावे आणि बसवावे, एवढेच काम उरले असेल, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात कारागिराची परीक्षा तेथूनच सुरू होई.

साच्यातून निघालेले चापाभोवतीचे कडे ओबडधोबड असे. ते दस्त्याच्या वळणाशी जुळावे म्हणून वाकवावे लागे. थंड पितळ तसेच वाकविले तर चिरते. म्हणून ते तापवून मऊ करावयाचे, थोडे वाकवावयाचे आणि पुन्हा तापवावयाचे. मग कानशीने त्यास धार-कडा द्यावयाची. लाकडात भाग बसविताना त्यास दिव्याची काजळी फासून खाचेत दाबीत. लाकडावर जेथे काळा डाग उमटे, तेवढेच टाकीने काढावयाचे. असे दहा-वीस वेळा केल्यावर धातू आणि लाकूड यांत केसाइतकीही फट राहत नसे.

कळीच्या आतील काम याहून नाजूक. घोड्याच्या आसावर दोन खाचांचा एक तुकडा असतो आणि त्या खाचांत खिटी अडकते. पहिल्या खाचेत घोडा अर्धा चढलेला असतो. ही खाच इतकी खोल व आत वळलेली हवी की चाप ओढला तरी खिटी सुटता कामा नये. दुसरीतून ती अलगद सुटली पाहिजे. येथे कानशीचा एक हात जास्त पडला तर घोडा आपोआप पडे आणि जवळच्या माणसाच्या प्राणाशी गाठ येई. कमानीवर कानस फिरवावयाची ती लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा राहिला तर पुढे तेथेच ती तडकते. मग तिला पाणी द्यावयाचे आणि निळा रंग चढेपर्यंत पाणी उतरवावयाचे. गारगोटी जिच्यावर आपटते त्या पट्टीचा चेहरा कठीण पोलादाचा हवा, कारण ठिणगी म्हणजे गारगोटीने खरवडलेले पोलादाचे जळते कण. लोखंड मऊ असेल तर हाडांच्या वा चामड्याच्या कोळशात बंद करून लाल तापवीत व विझवीत. सर्व घासकाम त्याआधीच उरकावे लागे, कारण नंतर त्यावर कानस चालत नाही.

अशा रीतीने बसविलेला भाग त्याच बंदुकीचा होई, दुसरीस लागत नसे. हे बदलण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ याने केला. 1785 साली थॉमस जेफर्सन यांनी त्याच्याकडील सुट्या भागांतून हाताला येतील ते घेऊन कळी जुळविल्या व तसे स्वदेशी कळविले. पुढे 1798 साली ईलाय व्हिटनी याने 10,000 बंदुका दोन वर्षांत देण्याचा करार केला. 1801 साली वॉशिंग्टनमध्ये सुटे भाग जुळवून दाखविले आणि मोठी कीर्ती मिळविली. पुरवठा पुरा झाला तो 1809 मध्ये. शिवाय त्याच्या उरलेल्या बंदुका पुढील काळात अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांस लागत नाहीत असे आढळले. काही भागांवर तर जुळणीच्या खुणा होत्या. कीर्ती व्हिटनीस मिळाली. कानस धरणारे हात निनावी राहिले.

यंत्राने अखेर बाजी मारली आणि ती विद्या जवळजवळ बुजली. तरी व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गसलर यांनी जुन्या बंदुका न्याहाळून, जुन्याच हत्यारांनी सबंध रायफल घडविली. त्याचा बोलपट 1969 साली निघाला, म्हणून ती कृती आज कोणासही पाहता येते.

आपल्याकडेही असे हात होते. 1513 साली अल्बुकर्क याने पोर्तुगालच्या राजास गोव्यातील बंदूक-कारागिरांची वाखाणणी लिहून पाठविली. त्या कारागिरांची नावे मात्र आम्हास सांगता येत नाहीत. 1878 च्या शस्त्र-कायद्याने परवान्यावाचून शस्त्र घडविण्यास बंदी झाली आणि आजही ती आहेच. आमचा आग्रह शस्त्राचा नाही, हातातल्या ज्ञानाचा आहे. कमानीस पाणी किती द्यावे, कोणता रंग आल्यावर थांबावे, हे जाणणारे वडीलधारे आपल्या घरोघरी अजून आहेत. तरुण बंधु-भगिनींनी त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे, एवढीच नम्र विनंती. आणि माळ्यावरील जुनी कानस भंगारात घालण्यापूर्वी ती कोणी, कशासाठी वापरली, हे आजोबांस एकदा अवश्य विचारावे.