मेरुरज्जूमार्गे मॉर्फिन : कर्करोगवेदनेच्या उपचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कर्करोगाच्या इतिहासात शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांची नोंद सविस्तर आढळते. रुग्णाच्या वेदनेचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. मेरुरज्जूच्या सान्निध्यात मॉर्फिन देऊन प्रौढ कर्करुग्णांची वेदना शमविण्याची पद्धत कशी घडली व ती कोणापर्यंत पोहोचली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

१८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी मेरुद्रवात कोकेन टोचून शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. १९०१ मध्ये रुमानियन शल्यविशारद राकोविचानू-पितेश्त यांनी मॉर्फिनच्या अशाच वापराचा अनुभव पॅरिस येथे मांडला. तथापि मॉर्फिन मेरुरज्जूवर नेमके कसे कार्य करते, याचे स्पष्टीकरण त्या काळी उपलब्ध नव्हते आणि ही पद्धत रूढ झाली नाही.

ते स्पष्टीकरण १९७० च्या दशकात मिळाले. १९७३ मध्ये मज्जासंस्थेतील अफूजन्य द्रव्यांचे ग्राही प्रयोगाने सिद्ध झाले. १९७६ मध्ये याक्ष व रूडी यांनी उंदरांच्या मेरुद्रवात ही द्रव्ये देऊन वेदनाशमन घडवून दाखविले; नॅलॉक्सोन दिल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी मेरुरज्जूतच रोखता येतो, हे यावरून स्पष्ट झाले.

रुग्णांवरील उपयोग

१९७९ मध्ये वँग व सहकाऱ्यांनी असह्य वेदना असलेल्या आठ कर्करुग्णांना ०.५ ते १ मि.ग्रॅ. मॉर्फिन मेरुद्रवात दिले. त्याच वर्षी जेरुसलेम येथील बेहार व सहकाऱ्यांनी मेरुरज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत मॉर्फिन देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तोंडावाटे ३०० मि.ग्रॅ. मॉर्फिनने होणाऱ्या कार्यास मेरुद्रवात सुमारे १ मि.ग्रॅ. पुरते, असे स्थूल प्रमाण पुढे व्यवहारात रूढ झाले. मात्र मॉर्फिन द्रवाबरोबर मेंदूच्या दिशेने सरकत असल्याने श्वसन काही तासांनंतरही मंदावू शकते. खाज, मूत्रावरोध व जंतुसंसर्ग हेही धोके आहेत.

२००२ मध्ये स्मिथ व सहकाऱ्यांनी २०२ कर्करुग्णांवरील तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. वेदना अथवा औषधांचा त्रास किमान २० टक्क्यांनी घटणे हा यशाचा निकष होता. शरीरात बसविलेल्या पंपाची जोड मिळालेल्यांत यशाचे प्रमाण ८४.५ टक्के, तर केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत ७०.८ टक्के होते.

भारतीय संदर्भ

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची त्रिस्तरीय शिडी मांडली व तोंडावाटे औषधास प्राधान्य दिले. भारतात कायदेशीर अफूची लागवड होत असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जटिलतेमुळे मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घटला. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सुलभ करण्याचा प्रयत्न केला.

समारोप

मेरुरज्जूमार्गे उपचार हा अन्य उपाय अपुरे पडलेल्या निवडक रुग्णांचा आधार आहे. ज्या समाजात मॉर्फिनची साधी गोळीही दुर्लभ राहते, तेथे पंपाचे तंत्र मोजक्यांपुरतेच उरते. म्हणून वेदनाशमनाच्या इतिहासात प्रयोगशाळेइतकेच कायद्यालाही स्थान द्यावे लागते.