पाटणचें रान आणि भास्कराचार्यांचा मठ



चाळीसगांवाहून नैर्ऋत्येच्या बाजूस सुमारें १८ किलोमीटर गेलें म्हणजे खानदेशची सपाट काळी जमीन एकाएकीं संपते आणि समोर सातमाळ्याच्या डोंगरांची भिंत उभी राहते. या भिंतीच्या एका कोनांत, तीन बाजूंनीं कडे आणि मधून वाहणारी डोंगरी नदी, असें जें ठिकाण आहे तेंच पाटण. येथें चंडिकादेवीचें देऊळ आहे, जवळच महादेवाचें जुनें हेमाडपंती देऊळ आहे, पाठीशीं कण्हेरगड आहे, आणि पावसाळ्यांत धवलतीर्थ व केदारकुंड येथील धबधबे दुरून ऐकूं येतात. भोंवतालीं अंजन, खैर, धावडा, पळस आणि सीताफळ यांचें रान आहे. १९८६ सालीं सरकारनें जळगांव व त्या वेळचा औरंगाबाद अशा दोन जिल्ह्यांत पसरलेला हा सुमारें २६० चौरस किलोमीटरांचा डोंगराळ भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्य म्हणून राखून ठेवला. रविवारीं धुळें, जळगांव, मालेगांव येथून कुटुंबेंच्या कुटुंबें शिदोऱ्या घेऊन येथें येतात, देवीचें दर्शन घेतात, धबधब्याखालीं भिजतात आणि सायंकाळीं परत जातात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु ज्या देवळांत तीं नारळ फोडतात, त्याच देवळांत एक कोरलेला दगड आहे, आणि त्याच्याकडे पाठ करूनच बहुतेक मंडळी उभीं असतात. मला आज बोलावयाचें आहे तें या दगडाविषयीं.

आधीं एक कबुली देतों. मी तीस वर्षें शाळेंत शिकविलें, आणि जवळजवळ दरवर्षीं हिंवाळ्यांत मुलांना घेऊन पाटणला गेलों. देवळाच्या ओट्यावर मुलांना बसवून मी मोठ्या आवाजांत सांगत असें, "मुलांनो, लीलावती लिहिणारे भास्कराचार्य याच भूमींत जन्मले." एके वर्षीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तें या दगडावर लिहिलें आहे का?" मीं म्हटलें, "होय." वास्तविक मीं तो दगड कधीं वाचला नव्हता. अक्षरें जुनीं, भाषा संस्कृत, आणि माझें संस्कृत मॅट्रिकपुरतें. पुढें कांहीं वर्षांनीं एका वाचनालयांत त्या लेखाची छापील प्रत मला मिळाली. शब्दकोश जवळ घेऊन मीं ती तीन आठवडे वाचली. भास्कराचार्यांचा जन्म येथें झाला असें तींत कोठेंही नाहीं.

मग काय आहे? जें आहे तें माझ्या मतें जन्माच्या गोष्टीहून अधिक मोलाचें आहे.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं शोधून काढला आणि १८६५ सालीं विद्वानांपुढें मांडला. पुढें कीलहॉर्न या जर्मन पंडितानें एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत तो काळजीपूर्वक छापला. लेखांत शके ११२८ दिलें आहे. तिथि श्रावणी पौर्णिमा, आणि त्या दिवशीं चंद्रग्रहण होतें. विद्वानांच्या गणितानें हें ग्रहण १२०७ सालचें. ज्योतिष्यांच्या घराण्याला दान द्यावयाचें तें ग्रहणाच्या पर्वावर, हें औचित्य वाचतांनाच मनांत भरतें.

लेखांत शांडिल्यगोत्री घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्याला भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वराचा पुत्र आपले भास्कराचार्य. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर. त्याला जैत्रपाल यादवानें याच पाटणहून आपल्याकडे नेलें आणि पंडितांचा प्रमुख केलें. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारीं मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून पाटणला मठ स्थापला. सिद्धान्तशिरोमणि आदि भास्कराचार्यांचे ग्रंथ, तसेच त्यांच्या वंशांतील इतरांचे ग्रंथ, तेथें शिकविले जावेत अशी योजना होती. यादवांचे मांडलिक असलेले निकुंभवंशीय राजे येथें राज्य करीत. त्यांपैकीं सोन्हदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनीं मठाला दानें दिलीं. (येथें एक गोंधळ मिटवून टाकतों. तापी व पूर्णा यांच्या संगमावर ज्यांचें देऊळ आहे ते योगी चांगदेव वेगळे. माझ्याच शाळेंतील एक शिक्षक मरेपर्यंत हे दोघे एकच असें मानीत होते, आणि मीं त्यांच्याशीं वाद घालणें सोडून दिलें होतें.)

आतां या लेखांतील सर्वांत गोड भाग. लेखाचा बराचसा भाग संस्कृतांत आहे. पण शेवटीं, जेथें पैशाचा आणि मालाचा व्यवहार येतो, तेथें लेखकानें संस्कृत सोडून सरळ मराठी धरली आहे. पाटणच्या बाजारांत जो माल उघडला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा मिळत असे तो मठाला दिला. तेल्यानें दर घाण्यामागें पळीभर तेल द्यावें. अशा तरतुदी त्यांत आहेत. वंशावळ विद्वानांना कळली म्हणजे पुरे, पण तेल कोणी किती द्यावयाचें हें तेल्याला कळलें पाहिजे! ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे हा मजकूर तिच्याहून चौऱ्यायशीं वर्षांनीं जुना. आज ज्या ठिकाणीं केवळ रान आणि देऊळ दिसतें, तेथें एके काळीं भरता बाजार होता, घाणे फिरत होते, आणि त्या घाण्यांच्या तेलावर गणिताची शाळा चालत होती. शाळा चालवावयाची म्हणजे तेलाचा हिशेब आधीं, हें आम्हां मास्तरांना निराळें सांगावयास नको.

जन्मस्थानाचा वाद मी येथें लांबवीत नाहीं. भास्कराचार्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे कीं आपला जन्म शके १०३६ मध्यें झाला, छत्तिसाव्या वर्षीं आपण सिद्धान्तशिरोमणि रचिला, आणि आपलें गांव सह्य पर्वताच्या आश्रयाचें विज्जडविड हें होय. तें गांव कोणतें? कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड, आणि आम्हीं खानदेशी अर्थातच पाटण म्हणतों. पाटणच्या बाजूनें सांगण्यासारखें बरेंच आहे. लक्ष्मीधराला येथूनच नेलें गेलें. मठ येथें निघाला. शिवाय चाळीसगांव तालुक्यांतच गिरणेच्या कांठीं बहाळ म्हणून गांव आहे; तेथील देवळांत शके ११४४ चा दुसरा लेख असून त्यांत भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव, सिंघणाचा ज्योतिषी, यानें भवानीचें देऊळ बांधल्याचें नमूद आहे. घराणें या मुलखांत रुजलेलें होतें एवढें त्यावरून निश्चित ठरतें. परंतु घराणें रुजणें आणि अमुक पुरुष अमुक जागीं जन्मणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आपला दावा पुराव्यापुरताच असावा, असें मला आतां वाटतें. तीस वर्षें तसें वाटलें नाहीं, हें खरें.

भास्कराचार्यांच्या ज्योतिषाचा उल्लेख झाला म्हणून एक गंमत सांगतों. आपले प्राचीन ज्योतिषी पृथ्वीवरील मध्यरेषा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मेरु पर्वतापर्यंत मोजीत. जसें आज ग्रीनिच तशी त्यांची लंका. मात्र ही लंका म्हणजे नकाशांतील सिंहलद्वीप नव्हे. सिंहलद्वीप विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि उज्जयिनीच्या रेषेहून बरेंच पूर्वेस आहे. ज्योतिष्यांची लंका म्हणजे विषुववृत्त व ही रेषा जेथें छेदतात तो बिंदु, समुद्रांत कल्पिलेलें एक बेट. उज्जैनच्या रेखांशाशीं ताडून पाहिलें तर आपलें जळगांव या रेषेच्या थोडेंसेंच पश्चिमेस पडतें, आणि पाटण त्याहून किंचित् अधिक. मीं हें वर्गांत फळ्यावर काढून दाखविलें तेव्हां मुलांना लीलावतींतील साऱ्या उदाहरणांपेक्षां त्याचेंच अधिक नवल वाटलें.

लीलावतीची कीर्ति मात्र खानदेशच्या बाहेरही गेली. अकबराच्या दरबारांतील फैजी यानें १५८७ सालीं तिचें फारसी भाषांतर केलें. हाच फैजी १५९१ सालीं बादशहाचा वकील म्हणून खानदेशच्या फारुकी राजाकडे बऱ्हाणपुरास आला होता.

पाटणच्या वरच्या अंगास, कन्नड तालुक्याच्या हद्दींत, पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं आहेत. तीं इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतलीं, म्हणजे चांगदेवाच्या मठाहून हजाराहून अधिक वर्षांनीं जुनीं. पैठणच्या एका गंधविक्याच्या घराण्यानें तेथें खांब दान दिले आहेत, राजवैद्य मगिल याचें नांव तेथें आहे, आणि कान्हदास नांवाच्या सोनारानें घडविलेली यक्षाची हसरी मूर्ति तेथें सांपडली, ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. घाटमाथ्यावरचें पैठण आणि खालचा खानदेश यांना जोडणारी वाट या डोंगरांतून जात होती, म्हणूनच हीं लेणीं, तो बाजार आणि तो मठ येथें झाले.

त्याच वाटेच्या घाटाला आज औट्रमचें नांव आहे. आमच्याकडील लोक मात्र कन्नड घाट असेंच म्हणतात. जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी १८२५ सालीं खानदेशांत आला आणि भिल्लांची पलटण उभी करून दहा वर्षें येथें राहिला. भिल्ल त्याच्या विश्वासाला बळी पडले कीं तो त्यांच्या, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. डोंगर त्यांचा होता. नांव मात्र घाटाला आणि आतां अभयारण्यालाही औट्रमचें राहिलें. औट्रम वाघांचा नामांकित शिकारी होता. त्याच्या मागून वाघ या रानांतून नाहींसे झाले. २०२१ सालच्या आरंभीं मात्र यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या अरण्यांतून एक वाघ मजल दरमजल करीत गौताळ्यांत येऊन पोहोंचला. कॅमेऱ्यांत टिपलेल्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरच्या रात्रीं या डोंगरांवर असा पाऊस कोसळला कीं दरडी पडून घाट बंद झाला, आणि डोंगरी व तितूर या नद्यांचें पाणी चाळीसगांवांत शिरलें. शेंकडों गुरें वाहून गेलीं. त्या दिवसांत रानाच्या बाजूनें बोलणारीं माणसें गांवांत एकदम पुष्कळ झालीं होतीं.

आतां माझ्या कबुलीचें उरलेलें सांगतों. दगडाची प्रत वाचून झाल्यावर मला स्वस्थ बसवेना. ज्या विद्यार्थ्यांचे पत्ते मिळाले त्यांना मीं पत्रें लिहिलीं, कीं पाटणच्या लेखाविषयीं मीं तुम्हांला चुकीचें सांगितलें. लेखांत जन्म नाहीं, मठ आहे. सुमारें चाळीस पत्रें गेलीं. उत्तरें तीन आलीं. एकानें माझ्या प्रकृतीची चौकशी केली. दुसऱ्यानें मुलाच्या लग्नाची पत्रिका धाडली. तिसरें उत्तर ज्यानें तो प्रश्न विचारला होता त्याचें होतें. त्यानें लिहिलें होतें, "गुरुजी, तुम्हीं 'होय' म्हणालांत तेव्हां दगडाकडे पाहिलें नव्हतें. मीं पाहिलें होतें."

श्रोत्यांपैकीं कोणास पाटणला जावयाचें असेल त्यांनीं पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास जावें. नदी उतरलेली असते, रान हिरवें असतें. देवळांत उजेड बेताचा असतो, तेव्हां बरोबर बॅटरी असूं द्यावी आणि लेखावर ती बाजूनें धरावी. समोरून धरली तर अक्षरें सपाट दिसतात. दगडाला हळदकुंकू किंवा तेल मात्र लावूं नये.