प्रतिध्वनीची जागा

व्हॉल्व्हच्या गिटार-ध्वनिवर्धकाच्या पाठीवर ‘सेंड’ व ‘रिटर्न’ अशी दोन भोके असतात. त्यांचा इतिहास ऐकण्याजोगा आहे.

१९५८ साली लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांनी ‘कॉपीकॅट’ हे फितीवरचे प्रतिध्वनियंत्र विक्रीस आणले. १९६२ साली तेथेच जिम मार्शल यांनी अमेरिकन ‘फेंडर बासमन’च्या धर्तीवर आपला ध्वनिवर्धक बनविला. त्या काळी प्रतिध्वनियंत्र गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्येच जोडीत. कारण दुसरी जागाच नव्हती. आवाज मोठा चढविला, तरच स्वर फाटे. पुढे १९७५ साली मार्शलच्या नव्या नमुन्यात ‘मास्टर व्हॉल्यूम’ आला, आणि पहिल्या टप्प्यातच स्वर फाडून अंतिम आवाज आटोक्यात ठेवता येऊ लागला.

येथेच अडचण उभी राहिली. प्रतिध्वनी आधी आणि स्वर फाटणे नंतर, असे झाले की मूळ स्वर व त्याचे पडसाद एकत्र फाटून गोंगाट होतो. उपाय एकच: पहिला टप्पा आणि शक्तिवर्धक यांच्या मध्ये वाट काढणे. तीच ही दोन भोके.

१९८८ साली ‘बॉस एमई-५’सारख्या पेट्यांत अनेक परिणाम एकत्र आले. अशा पेटीला स्वतःचेही ‘सेंड-रिटर्न’ असेल, तर चार तारा लागतात: गिटार पेटीत, पेटीचे ‘सेंड’ ध्वनिवर्धकाच्या मुखात, ध्वनिवर्धकाचे ‘सेंड’ पेटीच्या ‘रिटर्न’मध्ये, आणि पेटीचा शेवट ध्वनिवर्धकाच्या ‘रिटर्न’मध्ये. स्पीकरच्या भोकात मात्र पेटीची तार कधीही घालू नये. यंत्र जळण्याचा धोका असतो.

साधने तीच राहतात. क्रम बदलला की नाद बदलतो.