घरपट्टी आणि मुंबईकराचे मत

मुंबईत मताचा हक्क आधी करदात्याला मिळाला, नागरिकाला फार उशिरा. 1865 साली म्युनिसिपल कमिशनर झालेल्या आर्थर क्रॉफर्डने गटारे, रस्ते, मंडई अशी कामे झपाट्याने काढली. शहराला त्यांची गरज होतीच. पण खर्च हाताबाहेर गेला, कर वाढले आणि 1871 मध्ये करदाते खवळले. बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेत निवडून आलेल्या प्रतिनिधींची मागणी केली. श्रोते संतापले, तरी मागणी दूरदृष्टीची होती. 1872 च्या कायद्याने पालिकेच्या 64 पैकी 32 सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. मात्र वर्षाला किमान 50 रुपये पट्टी भरणाऱ्यालाच मत होते. गिरणगावच्या चाळीतला कामगार भाड्यातून घरमालकाची पट्टी भरत असूनही यादीबाहेर राहिला, हा मोठाच अन्याय होता. 1922 मध्ये महिना 10 रुपये भाडे भरणाऱ्यांना मत मिळाले. प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक 1948 साली झाली.

घरपट्टीखेरीज पालिकेची आणखी एक मोठी मिळकत म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरची जकात होती. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, जकात गेली आणि तिच्या भरपाईसाठी पालिका राज्य सरकारवर अवलंबून राहू लागली.